दोघांची वाट, एकाचे पुस्तक

पदव्युत्तर वर्गाला प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पाशी थांबणे अपरिहार्य असते. 1857 साली वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा पाडाव त्याने डोळ्यांनी पाहिला आणि सारे गमावून, गंगेची कावड तेवढी खांद्यावर घेऊन तो घरी परतला. ही कथा मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगावी लागत नाही. परंतु काही वर्षांपूर्वी वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ती म्हणाली, "सर, विष्णुभटांबरोबर त्यांचे काका रामभट आहेत. चालताना आहेत, लपताना आहेत, लुटले जातानाही आहेत. मग हा प्रवास 'माझा' कसा? काकांना काय वाटले, ते कुठे शोधायचे?" त्या दिवशी आत्मनिवेदनाची व्याख्या सांगून मी वेळ मारून नेली.

प्रश्न मात्र टळला नाही. दोन माणसे महिनोन् महिने एकच वाट चालतात, एकाच शिदोरीवर जगतात, एकाच भयाने जागी राहतात. आणि शेवटी एकाची लेखणी चालते. दुसऱ्याचे काय होते? इतिहासाच्या साधनांचा विचार करताना आपण लेखकाच्या पूर्वग्रहांची चिकित्सा करतो, संपादकाने केलेल्या फेरफारांची करतो. गोडसे भटजींच्या बाबतीत तर ती करावीच लागते; कारण चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत आणि पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत यांत अंतर आहे. परंतु सहप्रवाशाच्या मौनाची चिकित्सा आपण सहसा करीत नाही. ती कशी करावी, याचा विचार करण्यासाठी मी आज एक दूरचे, पण आपल्या भूमीला स्पर्शून गेलेले उदाहरण घेणार आहे. ते आहे हाइनरिश हारर आणि पेटर आउफश्नायटर या दोन ऑस्ट्रियन गिर्यारोहकांचे.

1

1939 च्या उन्हाळ्यात नंगा पर्बताच्या दियामीर बाजूची पाहणी करण्यासाठी एक छोटी जर्मन तुकडी आली होती. तिचा नेता आउफश्नायटर. 1899 साली कित्सब्यूल येथे जन्मलेला हा माणूस व्यवसायाने कृषितज्ज्ञ. कांचनगंगेच्या 1929 आणि 1931 च्या मोहिमांत तो सहभागी झाला होता आणि तिबेटी भाषा शिकत होता. हारर त्याच्याहून जवळजवळ तेरा वर्षांनी लहान. आदल्याच वर्षी, जुलै 1938 मध्ये, आयगर शिखराची उत्तर भिंत प्रथम चढून जाणाऱ्या चौघांपैकी तो एक होता आणि त्यामुळे त्याचे नाव युरोपभर झाले होते. एक अनुभवी, अबोल, अभ्यासू. दुसरा तरुण, धाडसी आणि यशाची चव चाखलेला.

पाहणी आटोपून ही मंडळी कराचीत परतीच्या जहाजाची वाट पाहत होती, तोच युद्ध पेटले आणि ती इंग्रजांची बंदी झाली. त्यांना प्रथम अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) स्थानबद्धांच्या छावणीत, मग देवळालीला आणि पुढे डेहराडूनला नेण्यात आले. नगर आणि देवळाली ही नावे या कथेत येतात तेव्हा मराठी वाचक जरा सावध होतो. हाररच्या पहिल्या पलायनाच्या बेतात तर आपला गोवाही होता. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे गोव्याची हद्द गाठली की सुटका, असा त्याचा हिशेब होता. तो बेत फसला. तो साधला असता, तर सह्याद्रीच्या घाटवाटांवर एक निराळेच पुस्तक लिहिले गेले असते.

डेहराडूनहून मात्र समोर हिमालय दिसत होता. तेथील तारांच्या कुंपणातून हारर 1943 मध्ये एकदा निसटला, एका इटालियन सोबत्याबरोबर बराच चालला आणि पकडला गेला. दुसरा प्रयत्न 29 एप्रिल 1944 रोजी झाला. एकूण सात जण. दोघांनी इंग्रज अधिकाऱ्यांचा वेष घेतला, पाच जण तोंडाला रंग फासून आणि डोक्याला पागोटी गुंडाळून हिंदी मजूर झाले. कुंपणाच्या दुरुस्तीला निघालेली टोळी म्हणून हे सातही जण दिवसाढवळ्या दरवाजातून बाहेर पडले. 'अधिकारी' झालेले दोघे, रोल्फ मागेनर आणि हाइन्स फॉन हावे, ब्रह्मदेशाच्या दिशेने गेले आणि जपान्यांपर्यंत पोहोचले. उरलेले पाच डोंगराकडे वळले.

पुढची कथा गळतीची आहे. एकाला उंचीवरील विरळ हवा सोसली नाही. तो माघारी फिरला. चौघांनी 17 मे 1944 रोजी त्सांगचोक ला ही खिंड ओलांडून तिबेटात पाऊल टाकले. तिबेटी अधिकाऱ्यांनी त्यांना एकदा हद्दीबाहेर काढले. सतलजच्या खोऱ्याने हिंदुस्थानात उतरून त्यांना पुन्हा वर चढावे लागले. या ओढाताणीत ब्रुनो ट्राइपल याने चालणे थांबवले. हान्स कोप याने त्राडूनहून नेपाळची वाट धरली आणि तेथून तो पुन्हा इंग्रजांच्या हाती गेला. अशा रीतीने 1944 सरता सरता सातांचे दोनच उरले.

2

जोडी ठरवून झालेली नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे. हारर आणि आउफश्नायटर हे मोहिमेतील सहकारी होते खरे. परंतु इतरांनी वाट सोडली म्हणून ते 'दोघे' झाले. दूर पल्ल्याच्या पायी प्रवासात पुष्कळदा असेच घडते. निघताना माणूस सोबती निवडतो. पुढे चढ, भूक आणि थंडी यांची निवड निराळीच ठरते.

या दोघांना नेपाळच्या सीमेवरील क्यीरोंग या गावी राहण्याची परवानगी मिळाली. तेथे ते सुमारे दहा महिने राहिले. युरोपातील युद्ध मे 1945 मध्ये संपले. डेहराडूनची छावणी त्यानंतरही लगेच उघडली नाही, त्यामुळे मागे फिरण्यात अर्थ नव्हता. आणि क्यीरोंगमध्ये कायम राहण्याची मुभाही नव्हती. नोव्हेंबर 1945 मध्ये ते तेथून गुपचूप निघाले. ल्हासाच्या रुळलेल्या वाटेवर अधिकारी अडवणार, हे उघड होते. म्हणून त्यांनी उत्तरेकडील चांगथांगचे ओसाड पठार निवडले. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांहून अधिक उंची, ऐन हिवाळा, हाडे गोठवणारा वारा, झाड म्हणून नाही. सामान वाहायला एक याक; त्याचे नाव त्यांनी आर्मिन ठेवले होते. जळणाला याकचे शेण, खायला सातूचे पीठ आणि मांस. निवारा म्हणजे वाटेत भेटणाऱ्या धनगरांचे याकच्या केसांचे काळे तंबू. तेही भेटले तर. खंपा लुटारूंच्या हातून ते थोडक्यात वाचले. सुमारे दहा आठवडे असे चालून 15 जानेवारी 1946 रोजी ते ल्हासात पोहोचले. अंगावर चिंध्या, पायांना जखमा, आणि परक्यांना मज्जाव असलेल्या नगरीत राहण्याचा कसलाही परवाना नाही. तरीही थांगमे नावाच्या एका सरदाराने त्यांना घरात घेतले.

या दहा आठवड्यांत दोन माणसांमध्ये काय घडत होते? हाररचे पुस्तक वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो. प्रसंग भरपूर आहेत, निसर्ग आहे, विनोदही आहे. 'आम्ही' हे सर्वनाम तर पानोपानी आहे. परंतु या 'आम्ही'ची गंमत अशी की, कृती सांगताना ते दोघांचे असते आणि भावना सांगताना हळूच एकाचे होते. आउफश्नायटर दिसतो तो वाटेची माहिती असलेला, भाषा जाणणारा, शांतपणे निर्णय घेणारा सोबती म्हणून. त्याच्या तोंडी वाक्ये फार थोडी. मराठी वाचकाला येथे रामभट काकांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. तेही असेच: वडीलधारे, सावध, अडचणीत हाताशी असलेले, आणि कथनात सदैव अर्धे पाऊल मागे.

हा केवळ लेखकाच्या अहंकाराचा परिणाम आहे, असे मला वाटत नाही. सततच्या सोबतीचाही तो परिणाम आहे. ज्याच्याबरोबर आपण रात्रंदिवस असतो त्याचे वर्णन करावे असे आपल्याला सुचत नाही. वाटेत भेटलेला धनगर नवा असतो, म्हणून त्याच्या टोपीपासून हसण्यापर्यंत सारे टिपले जाते. सोबत्याचे हसणे मात्र हवेसारखे गृहीत धरलेले. प्रवासवर्णन हा नवलाचा वाङ्मयप्रकार आहे, आणि सोबती हा त्यातला सर्वांत कमी नवलाचा माणूस असतो.

3

हीच वाट याआधीही एका जोडीने धरली होती, आणि त्या जोडीची नोंद तर आणखी विपरीत झाली. कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातील नैनसिंह रावत आणि त्याचा चुलतभाऊ मानीसिंह यांना इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्याने 1863 पासून तयार केले, तेही डेहराडूनलाच. एकसारखी पावले टाकून अंतर मोजायचे, जपमाळेच्या मण्यांवर शेकडे धरायचे (माळेत मणी 108 ऐवजी 100), आणि प्रार्थनाचक्रात नोंदींचे कागद दडवायचे. 1865 मध्ये हे दोघे नेपाळमार्गे निघाले आणि क्यीरोंगच्या नाक्यावर अडवले गेले. मानीसिंह पुढे जाऊ शकला नाही. नैनसिंह वेष पालटून पुन्हा गेला, त्राडूनला पोहोचला आणि जानेवारी 1866 मध्ये ल्हासात शिरला. डेहराडून, क्यीरोंग, त्राडून, ल्हासा, आणि महिना जानेवारीच. बरोबर ऐंशी वर्षांनी हारर व आउफश्नायटर याच नावांच्या माळेतून गेले. 

नैनसिंहाच्या प्रवासाचा वृत्तान्त लंडनच्या भूगोल संस्थेपुढे मांडला तो कॅप्टन माँटगोमेरी याने. गुप्ततेसाठी चालणाऱ्याचे नावही त्यात नव्हते. तो नुसता 'पंडित' होता. नैनसिंहाला पुढे, 1877 साली, त्या संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. मानीसिंह मात्र तळटिपेतच राहिला. म्हणजे येथे एकाने चालायचे, दुसऱ्याने सांगायचे, आणि तिसऱ्याने विस्मरणात जायचे, अशी वाटणी झाली. हारर आणि आउफश्नायटर यांच्यामध्ये निदान साम्राज्य उभे नव्हते. नैनसिंहाच्या पावलांनी नकाशा झाला, पण तो नकाशा कोणाच्या उपयोगाचा होता, हे विसरून त्या पावलांचे कौतुक करता येत नाही.

4

पुन्हा आपल्या जोडीकडे वळू. ल्हासात दोघांचे मार्ग शेजारून, पण निराळे गेले. आउफश्नायटर कामाला लागला: कालवा, जलविद्युत केंद्राची आखणी, शेतीचे प्रयोग. शहराचा नकाशा दोघांनी मिळून केला. खोदकामात सापडलेली प्राचीन दफने आणि भांडी आउफश्नायटरने नीट टिपून ठेवली. त्यावरचा त्याचा लेख 1956 मध्ये रोमहून निघणाऱ्या 'ईस्ट अँड वेस्ट' या नियतकालिकात आला. हारर किशोरवयीन दलाई लामांच्या सहवासात आला. त्यांच्यासाठी चित्रपटगृह उभारणे, भूगोल आणि इंग्रजी शिकवणे हे त्याचे काम. 1950 मध्ये चिनी सैन्य तिबेटात घुसले. हारर 1951 मध्ये भारतात उतरला. आउफश्नायटर सीमाभागात रेंगाळत राहिला आणि 1952 मध्ये नेपाळात गेला.

त्याच 1952 साली हाररचे पुस्तक जर्मनमध्ये प्रसिद्ध झाले, पुढच्या वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर 'सेव्हन इयर्स इन तिबेट' आले, आणि पाहता पाहता ते जगभर पोहोचले. ज्या वर्षी एकाचे पुस्तक दुकानांत मांडले जात होते, त्या वर्षी दुसरा अजून डोंगर उतरत होता. दोघांच्या स्वभावाविषयी हा एक तपशील पुरेसा बोलका आहे.

आउफश्नायटर पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा कृषितज्ज्ञ म्हणून नेपाळात राहिला, तेथील नागरिक झाला आणि 1973 मध्ये इन्सब्रुक येथे वारला. त्याने आठवणींचे हस्तलिखित ठेवले होते. मार्टिन ब्राउएन या अभ्यासकाने ते संपादित केले आणि 1983 मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, ते जर्मनमध्ये निघाले. इंग्रजीत यायला 2002 उजाडले. हाररच्या पुस्तकाशेजारी ते ठेवले की फरक तत्काळ कळतो. येथे रोमांच कमी. गावांची नावे, खडक, पिके, पाण्याचे प्रवाह आणि अवशेष अधिक. मिलारेपा या तिबेटी संतकवीचा जन्म क्यीरोंगच्याच परिसरातला. त्या कवीच्या भूमीचा आणि स्थळांचा शोध घेणारा आउफश्नायटरचा लेखही 1976 मध्ये मरणोत्तरच छापला गेला. ज्या गावात दोघे दहा महिने अडकून पडले होते, त्या गावात एक जण पुढच्या वाटेचा विचार करीत असताना दुसरा एका कवीच्या पाऊलखुणा शोधत होता, असे म्हणण्याचा मोह होतो. मोहच तो, कारण त्या काळी दोघेही पुढच्या वाटेचा विचार करीत होते आणि दोघेही सभोवार पाहत होते. आपल्याला उरलेली कागदपत्रे आपण स्वभावाचे लेबल लावून वाचतो, एवढाच त्याचा अर्थ.

मौनाचा एक निराळा आणि गंभीर प्रकारही येथे नोंदवला पाहिजे. 1997 मध्ये या पुस्तकावर जाँ-जाक आनो यांचा चित्रपट आला आणि त्याच वर्षी हाररच्या नात्झी भूतकाळाची कागदपत्रे उजेडात आली. 1938 साली तो एसएस या संघटनेचा सभासद झाला होता. पुस्तकात याचा उच्चारही नाही. हाररने पुढे ती आपली चूक असल्याचे सांगितले. त्याच्याविरुद्ध कोणत्याही अत्याचाराचा पुरावा पुढे आला नाही, हेही खरे. तरी वाचक म्हणून आपली स्थिती बदलते. ज्याने सारे मोकळेपणाने सांगितले असे आपण समजत होतो, त्याने निवडून सांगितले होते. 'बोलका' लेखक आणि 'अबोल' सोबती ही आपली विभागणीच मग डळमळते. आणि अबोल माणसाची रिकामी जागा इतर कशी भरतात, तेही त्याच चित्रपटात दिसते: तेथे आउफश्नायटर ल्हासातील एका शिंपिणीच्या प्रेमात पडतो आणि तिच्याशी संसार थाटतो. तो प्रसंग कथेच्या सोयीसाठी रचलेला आहे. ज्याने आपल्याविषयी फारसे लिहिले नाही, त्याचे आयुष्य दुसऱ्यांना लिहायला मोकळे राहते.

5

एक वैयक्तिक गोष्ट सांगतो आणि थांबतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी आणि माझा एक मित्र भीमाशंकरहून हरिश्चंद्रगडापर्यंत डोंगरवाटांनी चालत गेलो होतो. पाठीवर पथारी, शिधा, दोन पातेली आणि एक दोर. हिमालयाच्या तुलनेत ती वाट म्हणजे अंगण. तरी एके संध्याकाळी दाट धुक्यात चुकून एका कड्याच्या काठाशी आम्ही पोहोचलो आणि रात्र तेथेच काढली. परत आल्यावर मी महाविद्यालयाच्या वार्षिकांकात लेख लिहिला. लोकांना तो आवडला. मित्राने शांतपणे वाचला आणि म्हणाला, "छान आहे. पण त्या रात्री तू झोपला होतास. मी जागा होतो." माझ्या लेखात मी कड्याकाठी पहाटेपर्यंत जागून तारे पाहिले होते. खोटे लिहायचा हेतू नव्हता. लिहिताना मला खरोखर तसे आठवले होते. त्याने पाहिलेले तारे त्याने मला सकाळी सांगितले होते, आणि वर्षभरात ते माझे झाले होते.

त्या मित्राने कधी काही लिहिले नाही. तो आज भेटला की आम्ही त्या रात्रीविषयी बोलतो. पण त्याच्या बाजूची रात्र मी कधी उतरवून घेतली नाही. आउफश्नायटरला दहा वर्षांनी का होईना, ब्राउएन भेटला. रामभटांना कोणी भेटले नाही. मानीसिंहालाही नाही.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला आज मी काय उत्तर देईन? काकांना काय वाटले, ते कुठे शोधायचे? पहिले उत्तर असे की, शोधायचे ते त्याच पुस्तकात. लेखक जेथे 'आम्ही' म्हणतो तेथे दर वेळी थांबून विचारायचे की हे दोघांचे आहे की एकाचे; निर्णय कोणाचा होता, जड ओझे कोणाच्या खांद्यावर होते, जागे कोण होते. काकांनी 'नको' म्हटले आणि पुतण्याने ऐकले, अशा जागी काकांचे मन क्षणभर उघडे पडते. दुसरे उत्तर असे की, दुसरे साधन मिळाले तर पहिल्याला खोटे ठरवण्याची घाई करू नये. आउफश्नायटरची आठवणवही हाररच्या पुस्तकाला रद्द करीत नाही. आपण ज्या पठारावरून एका डोळ्याने चाललो होतो, तेथे ती दुसरा डोळा देते. आणि जेथे दुसरे साधन मिळणारच नाही, तेथे ती जागा कल्पनेने भरून टाकण्यापेक्षा रिकामी आहे असे स्पष्ट म्हणावे.

या वर्षी वर्गाला एक स्वाध्याय देणार आहे. दोघांनी मिळून केलेल्या कोणत्याही प्रवासाचे वर्णन लिहायचे. मात्र सोबत्याच्या तोंडून ऐकून, त्याला विचारून, त्याच्या बाजूने. स्वतःसाठीही तोच स्वाध्याय घेतला आहे. मित्राला परवा फोन केला आणि म्हटले, ती कड्यावरची रात्र मला पुन्हा सांग, या वेळी मी लिहून घेतो. तो हसला आणि म्हणाला, "आता मलाही नीट आठवत नाही. तुझ्या लेखात आहे तेवढेच आठवते."